अकरावा चौकोन

सरकारी दवाखान्याच्या जिन्यात तिच्या डाव्या पायातली चप्पल निसटली आणि तिला पत्ताच लागला नाही. पुढच्या चौदा पायऱ्या ती एका चपलेवर चढली. वर आरोग्य विम्याच्या खिडकीपुढे रांग अशी, की गुळगुळीत दाढी करून उभा राहिलेला माणूस खिडकीशी पोचेपर्यंत ऋषी व्हावा! तिनं नुकतंच रांगेचं शेपूट धरलं होतं, तेवढ्यात मागून आवाज आला—

"मॅडम... ही तुमची का?"

पांढऱ्या कोटातला एक उंच, जरा वाकलेला तरुण. तिची झिजलेली चप्पल त्यानं दोन्ही हातांत अशी धरलेली, जणू पुष्पगुच्छच. कोटाचा खिसा एका कोपऱ्यात उसवलेला.

बाई शिवणकाम करणारी, जीभही सुईचीच. कान लाल झाले, पण ती म्हणाली, "रांगेत नंबर धरायला ठेवली होती."

"जिन्यात?"

"रांग तिथवर येणारच आहे ना!"

तो हसला. आणि कधी टाका न चुकवणाऱ्या त्या बाईच्या काळजाचा एक टाका चुकला.

"हसू नका हो डॉक्टर," शेजारून आत्या कडाडली. आत्यानंच तिला लहानाची मोठी केलेली. "हिच्या पायाला आग कळते, चप्पल कळत नाही. असला कसला पाय म्हणायचा?"

"मी डॉक्टर नाही, मावशी. पायाला स्पर्श किती कळतो, तेवढं तपासतो."

"आणि मी मावशी नाही. आत्या आहे हिची!"

आत्या खोटं बोलत नव्हती. एका लांबलेल्या आजारपणानं भाचीच्या डाव्या पायाच्या नसा दुखावल्या होत्या. अंथरुणाला पाठ टेकली की तळवा असा पेटायचा, की आत्या म्हणे, त्यावर पापड भाजून घ्यावेत. आणि वरून तो बहिरा. मशीनचं पायडल किती दाबलं, हेच कळेना. गेल्याच आठवड्यात गिऱ्हाइकाच्या पँटला तिनं स्वतःची बाही शिवली, आणि उठायला गेली तर पँटही उठली! हसून हसून गिऱ्हाईक गेलं... ते परत आलं नाही. पाय गेला की मशीन गेलं, आणि मशीन गेलं की तिच्याकडे दुसरं काय होतं?

उपचार होता. विम्यात बसतही होता. अट एकच: डोळे मिटायचे, पेनासारख्या दांडीला लावलेला नायलॉनचा धागा तळव्याला दहा जागी टेकवला जाणार, कळलं तर 'हो' म्हणायचं. निदान चार जागा मुक्या निघाल्या, तर विमा मंजूर.

"म्हणजे तुमचाही धंदा धाग्याचाच," ती स्टुलावर पाय ठेवत म्हणाली.

"पण मला टाका घालता येत नाही."

"ते खिशावरून दिसतंच आहे."

"डोळे मिटा, मॅडम."

तिनं मिटले. खोली शांत. जरा वेळानं ती म्हणाली, "हो." मग पुन्हा, "हो." असे दहा. त्यानं कागदावरच्या दहा चौकोनांत दहा खुणा केल्या, पण त्याची भुवई काही खाली येईना.

आठवड्यानं पत्र आलं. स्पर्श शाबूत, अर्ज नामंजूर.

आत्या पत्र आणि भाचीला घेऊन निघाली ती तोफेसारखी. "कुठाय तो दोरेवाला? पोरीचा पाय जळतोय आणि हा म्हणतो, सगळं छान!"

दोरेवाला जणू वाटच पाहत होता. "या, आत्या. मलाही झोप नाही. चौदा पायऱ्या अनवाणी चढलेलं ज्या पायाला कळलं नाही, त्याला माझा केसाएवढा धागा दहाच्या दहा वेळा कसा कळला?" तो तिच्याकडे वळला. "मॅडम... खरं सांगा. डोळे किलकिले केले होते?"

"मुळीच नाही!"

"मग?"

ती नखानं टेबलाचा कोपरा खरवडत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "तुम्ही... श्वास रोखता."

"मी?"

"धागा टेकवायच्या आधी. सुईत दोरा ओवताना आम्ही रोखतो ना, तसा. तुमचा श्वास थांबला, की मी 'हो' म्हणायची."

"पण का? विमा तुम्हालाच हवा होता ना?"

"पहिल्या वेळी तुमचा श्वास थांबला... आणि पायाला काहीच कळलं नाही." तिचा आवाज बारीक झाला. "'नाही' म्हटलं असतं, तर पाय मेलाय हे खरं झालं असतं हो. मला भीती वाटली."

आत्याची तोफ विझली. तिनं पत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली.

त्यानं कोरा कागद ओढला आणि आपल्याच साहेबांना लिहिलं: 'तपासणी चुकली. दोष रुग्णाचा नाही, माझ्या श्वासाचा. फेरतपासणी दुसऱ्या कुणाकडून व्हावी.'

"साहेब रागावतील," ती म्हणाली.

"रागावू देत. श्वास रोखून ऐकून घेईन."

फेरतपासणीला आल्या थोरल्या सिस्टर. बाई इतक्या बोलक्या, की त्यांचा श्वास ऐकलेला माणूस अजून जन्माला यायचाय! नातवाचे दात, सुनेची नोकरी, शेजाऱ्याचा कुत्रा असं सगळं सांगत त्यांनी धागा फिरवला. दहापैकी सात जागा मुक्या निघाल्या. महिन्याच्या आत मंजुरीचं पत्र आलं. आत्यानं ते तीनदा वाचून घेतलं. चौथ्यांदा स्वतःच वाचलं, चष्मा नसताना.

मग गोळ्या सुरू झाल्या, पायाचे व्यायाम, मऊ तळाची चप्पल, दर पंधरवड्याला खेप, सगळं विम्यातून. व्यायाम शिकवायच्या खोलीचा रस्ता नेमका त्याच्या दारावरून जायचा. निदान तिचा तरी जायचा.

"तो खिसा द्या इकडे," एकदा ती दारातूनच म्हणाली.

"रुग्णांकडून काही घ्यायला बंदी आहे."

"टाकासुद्धा?"

"नियमात टाक्याचा उल्लेख... तसा नाही."

तिनं तिथंच उभ्या उभ्या खिसा शिवला. दोरा दातानं तोडताना तिचं कपाळ त्याच्या कोटाला ओझरतं लागलं. खिसा शिवायला लागतात सात टाके. तिनं घातले एकवीस.

सहा महिन्यांनी आग राखेएवढी उरली. पायडल पायाला ओळखू लागलं, गिऱ्हाइकं परतली, पँटवालासुद्धा. शेवटच्या तपासणीच्या दिवशी थोरल्या सिस्टर एकाएकी मनगट चोळू लागल्या. "माझा हात आखडलाय ग बाई. तूच कर रे, मी सही करते." आणि त्या आत्याजवळ बाकावर अशा बसल्या, की जणू नाटकाचं तिकीट काढलंय.

"आज श्वास रोखणार नाही," तो म्हणाला आणि चक्क पाढे म्हणू लागला. "बे एके बे, बे दुणे चार..."

तिनं डोळे मिटले. टाचेशी काहीतरी मुंगीसारखं टेकलं. खरोखरचं! "हो," ती म्हणाली, आणि मिटल्या पापण्यांखालून पाणी आलं. "हो... हो..." दहापैकी नऊ. केसाएवढ्या धाग्यानं कुणाला एवढं श्रीमंत केलं नसेल.

पाढा थांबला. तिनं डोळे उघडले नाहीत. खोलीत काहीच हलेना. सिस्टरसुद्धा गप्प, हे तर आक्रीतच!

"दहा झाले ना?" ती म्हणाली. "पायाला काही टेकलेलं नाही. पण श्वास रोखलाय तुम्ही."

"रोखलाय," तो कसाबसा म्हणाला.

"मग विचारा ना... काय विचारायचं ते."

"रोज दोघांचा चहा मी करीन. खिसे तुम्ही शिवा... जन्मभर. चालेल?"

"हो," ती म्हणाली आणि मग डोळे उघडले.

कागदावर चौकोन दहाच होते. त्यानं समासात पेननं अकरावा काढला, अंमळ वाकडाच, आणि त्यात खूण केली. सिस्टरनी खाली सही ठोकली. साहेबांनी त्या चौकोनाबद्दल कधी विचारलं नाही.

"चला, मावशी," तो बाकाकडे वळून म्हणाला, "जिन्यापर्यंत सोडतो."

"परत मावशी?" आत्या डोळे पुसत गरजली. "आता तरी आत्या म्हण, मेल्या!"