बनवणाऱ्याने बोलायचं नाही

“लिफ्ट बंद आहे, मॅडम. तो डबा द्या इकडे, मी पोचवतो वर.”

डबा! माझ्या मॉनिटरला डबा म्हणणाऱ्या माणसाकडे मी वळून पाहिलं. लिफ्टच्या उघड्या दारात तो मांडी घालून बसला होता. कोपरापर्यंत ग्रीस, आणि वर हसत होता. हसताना त्याच्या एकाच गालावर खळी पडायची. मुद्दाम नाही हं पाहिलं मी... डोळे तपासणं हा माझा धंदाच आहे, त्यामुळे नजरेतून काही सुटत नाही.

“डबा नाही, मॉनिटर आहे. आणि माझं ओझं मी उचलते.”

“तीन मजले आहेत.”

“मोजता येतात मला.”

“बरं... दमलात तर हाक मारा. मी इथेच आहे. लिफ्ट तेवढी नाही.”

मी हाक मारली नाही. दुसऱ्या मजल्यावर हात भरून आले, तरी नाही. आई म्हणते तेच खरं, ही मुलगी बुडेल, पण हात वर करणार नाही.

तिसऱ्या मजल्यावर वाचनालयाची जुनी खोली आहे. दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा हौशी आपापलं सामान घेऊन तिथे जमतो. कोणी दातांची डॉक्टर, कोणी बेकरीवाला. मी बाबांच्या चष्म्याच्या दुकानात बसते. गणिताचे निवृत्त मास्तर बरणीतून एक चिठ्ठी काढतात, तिच्यावर एक शब्द असतो, आणि त्या शब्दावरून प्रत्येकाने दोन तासांत कॉम्प्युटरवर एक छोटासा खेळ बनवायचा. चांगला नसला तरी चालेल, वेगळा हवा. दातांच्या डॉक्टरांनी एकदा शिंक दाबून भाषण संपवायचा खेळ केला होता. बेकरीवाल्याने दोन डाव्या चपलांचं लग्न लावलं होतं. मग एकमेकांचे खेळ खेळायचे, आणि त्या वेळी नियम एकच. खेळणाऱ्याचं बोट बटणावर असेपर्यंत बनवणाऱ्याने बोलायचं नाही. खूण नाही, खाकरणंसुद्धा नाही.

माझा ‘पहिलं की दुसरं’ हा खेळ तीन महिने तसाच पडून होता. पडद्यावर दोन पुसट चित्रं दिसतात, खाली कीबोर्डवर दोन बटणं. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढची भिंगं बदलत मी दिवसभर हेच विचारते, पहिलं बरं की दुसरं? आणि लोक परीक्षेला बसल्यासारखे घाबरून काहीतरी एक सांगून टाकतात. ‘दोन्ही सारखीच दिसतात’ असं म्हणायचं धाडस कोणी करत नाही. माझ्या खेळाचं उत्तर तेच होतं. दोन्ही बटणं एकदम दाबायची. ते आजवर एकालाही सुचलं नव्हतं.

“अगं, एका ओळीची सूचना टाक,” मास्तर दर रविवारी म्हणत.

“सूचना लागते तो खेळ नव्हे, मास्तर. तो फॉर्म.”

तोऱ्यात म्हणायचे खरी, पण आतून वाटायचं... न सांगता समजणारा एक तरी माणूस असेल ना या जगात?

थोड्या वेळाने तो लिफ्टवाला तिसऱ्या मजल्यावरचं दार तपासायला वर आला. मास्तरांना नवखा खेळाडू दिसला की राहवत नाही. त्यांनी त्याचा दंडच धरला. “हात पुसा आणि बसा इथे.”

तो बसला तो नेमका माझ्या खेळापुढे. एकदा डावं दाबलं, एकदा उजवं. मग डोकं खाजवून हसला. “दोन्ही सारखीच दिसतायत की!” आणि त्याचे दोन्ही अंगठे एकदम दोन बटणांवर पडले.

दोन चित्रं सरकत एकमेकांवर आली आणि पडद्यावर एक उघडी खिडकी लख्ख दिसू लागली.

तो दचकला. “बिघडवलं का मी? लिफ्टची बटणं तपासताना आम्ही दोन्ही एकदम दाबून बघतो... सवय हो.”

मी ओठ घट्ट मिटून उभी. डोळ्यांत पाणी, आणि बोलायची सोय नाही!

“अहो, बोट उचला आधी!” मास्तर ओरडले.

त्याने उचललं.

“बिघडलं नाही,” मी म्हणाले. “उघडलं.”

पुढचे चार रविवार त्या लिफ्टचं काही ना काही निघतच राहिलं. खाली ‘लिफ्ट बंद’ची पाटी, वर तो.

“तुमची लिफ्ट फारच नाजूक दिसते,” मी एकदा म्हणाले.

“काही दुखणी हळूहळूच बरी होतात, चष्मेवाल्या बाई.”

“की मुद्दाम बरी करत नाही?”

“हा आरोप आहे... की आशा?”

“चौकशी आहे.”

कामाबद्दल मात्र तो थट्टा करायचा नाही. “लिफ्ट मजल्याला बरोबर लागली पाहिजे,” तो सांगायचा. “बोटभरही फरक नको, नाहीतर म्हातारी माणसं अडखळतात. नीट लागली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तेच आमचं बक्षीस.” हे बोलताना त्याची मान अशी ताठ व्हायची, की मला त्याचा अभिमान वाटायचा. मी त्याची कोण लागत होते? कोणी नाही. तरी वाटायचा.

घरी आई बघत होतीच. “रविवारी सकाळी सातला उठून इस्त्री करणारी ही मुलगी माझीच ना गं?”

प्रश्न एकच होता. तो लिफ्टसाठी येतो, की... पण विचारणार कोण? मी? छे! आणि सूचना देणं तर माझ्या स्वभावातच नाही.

सहाव्या रविवारी पाटी गेलेली होती. लिफ्ट चालू, दारात कोणी नाही. मी वाकून मजल्याच्या आणि लिफ्टच्या सांध्यावरून तळहात फिरवला. एकसारखा. काम संपलं होतं, आता तो कशाला येईल? एक प्रश्न विचारला असता तर काय मोठं आभाळ कोसळलं असतं? त्या लिफ्टमध्ये मी पाऊल ठेवलं नाही. मॉनिटर उचलला आणि पायरी-पायरीवर स्वतःशीच भांडत जिना चढले.

वर पोचले तर... तो! स्वच्छ हात, इस्त्रीचा शर्ट, कॉम्प्युटरसमोर. शेजारी मास्तर त्याला काहीतरी दाखवत होते. चिठ्ठी निघाली होती. आजचा शब्द होता, ‘थांबा’.

“लिफ्ट झाली ना तुमची?”

“झाली.”

“मग?”

“शब्द चांगला निघालाय,” एवढं बोलून त्याने मान खाली घातली.

त्या दोन तासांत मी काय बनवलं ते विचारू नका. वेळ संपल्यावर त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली. “खेळा.” आणि ओठ मिटून घेतले.

पडद्यावर एक वाकडी-तिकडी तीन मजली इमारत. काड्यापेटीएवढी लिफ्ट, वर आणि खाली अशी दोन बटणं. आणि जिन्यावर एक चष्मेवाली बाई, हातात भलामोठा डबा. मी लिफ्ट तिच्याजवळ नेऊन थांबवली. दार उघडलं. बाईने मान हलवली... नको. पुन्हा नेली. नको! लिफ्ट एकदम वर नेऊन वाट पाहिली, तर बाईसाहेब पायरीवर बसूनच राहिल्या.

“काही सूचना?” मी विचारलं. तो छताकडे बघत होता. कान लाल.

मग माझ्या लक्षात आलं. मी लिफ्ट खाली आणली. दार न उघडता तिच्या बरोबरीने वर घेऊ लागले, एकेक पायरी. ती थांबली की थांबायचं, ती निघाली की निघायचं. दोघी तिसऱ्या मजल्यावर एकदमच पोचल्या. बोटभरही फरक नाही. बाईने आपला डबा आपणच खाली ठेवला, आणि लिफ्टचं दार उघडलं.

माझं ओझं कोणी हिसकावलं नव्हतं, की मला घाई केली नव्हती. माझ्या चालीने कोणीतरी माझ्यासोबत वर आलं होतं.

त्याने बोलायला तोंड उघडलं... आणि तसंच मिटलं. माझं बोट अजून बटणावरच होतं.

“नियम म्हणजे नियम,” मी म्हणाले. “आता ऐका. सहा रविवार विचारीन विचारीन म्हणत होते, तुम्ही लिफ्टसाठी येता की माझ्यासाठी. विचारलं नाही. मानी आहे मी, जन्माची खोड आहे. पण आयुष्यातला पहिलाच खेळ कोणी असा बनवतो, तेव्हा... मला तुझा फार अभिमान वाटतो. आणि मला तू आवडतोस.”

‘तुम्ही’चा ‘तू’ कधी झाला, मलाच कळलं नाही. दातांच्या डॉक्टरांना बरोबर कळलं. त्या खोकल्या.

तो नुसता तडफडत होता, माझ्या बोटाकडे बघत. मी सावकाश, अगदी सावकाश बोट उचललं.

“लिफ्ट मी दुसऱ्याच रविवारी दुरुस्त केली होती!” त्याच्या तोंडून एका दमात बाहेर पडलं. “नंतर रविवारपुरती नुसती पाटी लावायचो. आज काढली. म्हटलं, आता सबब नको.”

“आणि माझे गुडघे?” मास्तर उसळले. “त्यांचं काय?”

सगळी खोली हसली.

“म्हणजे मी उगाचच जिना चढत होते?”

“तू लिफ्टने आली असतीस?”

मी विचार केला. “नसते.”

निघताना लिफ्ट आमच्यासमोर दार उघडून उभी होती. आम्ही जिन्याकडे वळलो, कारण जिन्याला वेळ जास्त लागतो. पहिल्या पायरीवर मी थांबले आणि त्याच्याकडे पाहिलं.

“ही बाजू धर,” मी म्हणाले. “आणि याला डबा म्हणायचं नाही.”