सायलेन्सरमधला ओलावा

खोटं वाटलं तर वाटू दे. पण हे माझ्या मामाच्या बाबतीत घडलंय, आणि मामा उगाच थापा मारणारा माणूस नाही.

गेल्या हिवाळ्यातली सकाळ. मामाने गॅरेजचं शटर नुकतंच वर केलं होतं.

आत एक पांढरी पिकअप उभी होती. इतकी नवी, की सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. मालक दूधवाला, मामाच्या जुन्या ओळखीचा. तक्रार फक्त थंड इंजिनची, म्हणून त्याने गाडी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवली होती. रोज पहिल्यांदा चालू केली की पांढरा धूर. शोरूमवाले म्हणाले होते, वाफ आहे, जाईल आपोआप. पण त्या धुराने त्याच्या बायकोला उलट्या होत होत्या.

सकाळी दूधवाला आल्यावर मामाने चावी फिरवली.

धूर आला... पण वर गेलाच नाही. फेसासारखा जमिनीलगत पसरत राहिला.

आणि वास...

डिझेलचा नव्हे. आजारी माणसाच्या न धुतलेल्या तोंडाचा.

गाडी बंद करून मामा कामाला लागला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त होतंय, पांढरा म्हणजे बहुतेक कुठून तरी पाणी शिरतंय. त्याचं हे रोजचंच. पण रेडिएटरचं पाणी जेवढ्यास तेवढं. ऑइल स्वच्छ. हीटर प्लग ठणठणीत.

इंजिनात खोट नव्हतीच.

तेवढ्यात मागून आवाज आला... कुणीतरी घशातला बेडका ओढत होतं.

दूधवाला तर मामाच्या शेजारीच उभा होता.

दोघं मागे गेले. कुणी नव्हतं. सायलेन्सरच्या तोंडातून एक पिवळट तार लोंबत होती... हलत होती, पण तुटत नव्हती.

दूधवाला म्हणाला, ग्रीस असेल. मामालाही तेच वाटायला हवं होतं. पाइपात काजळी आहे की तेल, हे तो नेहमी बोट फिरवूनच बघायचा. त्याने बोट आत घातलं.

आत काजळी नव्हती.

मऊ होतं... कोमट.

मामाने हात असा हिसडला, की तो उताणा पडला. उठून गटाराशी गेला आणि भडाभडा ओकला.

"घेऊन जा ही," एवढंच तो दूधवाल्याला म्हणाला. "माझ्याने होणार नाही."

दूधवाल्याने पुढे गाडी विकून टाकली. कुणाला, ते तो सांगत नाही. त्याची बायको आता बरी आहे.

मामाचं ते बोट मात्र अजून पांढरंफटक आहे, तासन्‌तास पाण्यात बुडवून ठेवल्यासारखं सुरकुतलेलं. मलमं झाली, गोळ्या झाल्या. तो डाव्या हाताने जेवतो. समोर कुणी मचमच केली, तर ताट घेऊन उठतो.

परवा मामीने खोदून खोदून विचारलं, चटका बसला होता का, काही चावलं होतं का.

मामाने ते बोट मुठीत मिटून घेतलं.

"चावलं असतं तर परवडलं असतं," तो म्हणाला. "दात नव्हतेच गं... चोखत होतं."