कटौटमधला कागद

त्या शनिवारी शाळा साडेअकराला सुटली आणि बाबांची गाडी फाटकाशीच अडून बसली.

बाबा साताऱ्यात डॉक्टर. आठवड्यातून दोनदा ते मेढ्याच्या बाजूला रुग्ण पाहायला जात, म्हणून महायुद्ध संपल्यावरही त्यांना पेट्रोलची जादा कुपनं मिळत. गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं होतं. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. विज्ञानाच्या बाईंना गाडी चालवता येते, पण सुरू करता येत नाही, हे आता सगळी शाळा फाटकाशी उभी राहून बघत होती. वर भुरभुर पाऊस.

"बाई, हँडल मारू का?"

मागे एक तरुण उभा होता. लष्करातली खाकी पँट, गुडघ्याला ठिगळ, हातात पाना.

"बॅटरी संपली आहे," मी म्हणाले.

"बॅटरी आपनहून संपत न्हाई. तिला भरनारा कुटंतरी बसलाय. दिवे लावा बगू."

मी दिवे लावले.

"आता स्टार्टर दाबा."

दाबला. दिव्यांचा उजेड पिवळा झाला, मग तांबूस, मग जवळजवळ गेलाच.

"बगितलं? जीव हाय, पन उठायचं बळ न्हाई."

त्याने गाडीच्या पुढच्या भोकात हँडल घालून फिरवलं आणि तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं. तो खिडकीशी आला. केसांवर पावसाचे बारीक थेंब होते. त्याने समोरच्या तबकडीकडे बोट केलं.

"ह्यो काटा उजवीकडं गेला तर बॅटरी भरतीय. डावीकडं गेला तर रिकामी हुतीय. इंजन पळतंय आन् काटा डावीकडंच. म्हंजे डायनामो काम करंना."

"डायनामो काम कसं करतो ते मी वर्गात शिकवते," मी जरा ताठपणे म्हणाले.

"मग लय बरं झालं," तो गंभीरपणे म्हणाला. "करत न्हाई तवा काय करायचं, ते मी दावतो."

पोरी हसल्या. मला राग यायला हवा होता, तो आला नाही.

त्याचं नाव जोतीराम कोळेकर. कवठे महांकाळकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला. युद्धात चार वर्षं इराकातल्या बसऱ्याच्या लष्करी वर्कशॉपमध्ये काढून आलेला, आणि आता पोवई नाक्यावर भाऊसोंच्या गॅरेजमध्ये मिस्त्री. फळ्यावर मी कितीदा तरी काढलेला डायनामो त्या दुपारी त्याने माझ्यासमोर पहिल्यांदा उघडला. आतला कार्बनचा ठोकळा, ज्याला ब्रश म्हणतात, झिजून नखाएवढा उरला होता.

"नवा पुन्याहून मागवावा लागंल," तो म्हणाला. "तवर दर शनवारी बॅटरी काडून हितं भरू. आनून दावा."

ब्रश यायला तीन शनिवार लागले. बॅटरी भरत असे तेवढे दोन तास मी गॅरेजच्या बाकावर बसून राही. त्याच्याकडे गाडीचं इंग्रजी पुस्तक होतं.

"अक्षरं वळखतो," तो म्हणाला, "पन लांबलचक वाक्य आलं की वाट चुकतो."

मग मी वाचायची, मराठीत सांगायची. तो काम करत ऐके. मध्येच थांबवून, "आसं न्हवं बाई, आसं लिवलं असंल," म्हणे, आणि बहुतेक वेळा त्याचंच बरोबर निघे. पत्र्यावर पावसाचा आवाज. माझ्या बोटांना खडू, त्याच्या बोटांना ग्रीस. पुस्तकाच्या पानांवर दोन्ही उमटलं.

चौथ्या शनिवारी ब्रश बसला. काटा टुणकन उजवीकडे गेला.

"झालं," जोतीराम म्हणाला. "आता सा म्हैने बगायला नगं."

सहा महिने. त्याने ते सहज म्हटलं, की चाचपून पाहत म्हटलं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

डायनामो आणि बॅटरी यांच्यामध्ये एक लहानशी पेटी असते. तिला कटौट म्हणतात. इंजिनाला वेग आला की तिच्यातल्या दोन टिकल्या एकमेकींना टेकतात आणि वीज बॅटरीकडे जाते. टेकल्या नाहीत तर जात नाही. हे मी त्याच्याच पुस्तकातून त्याला वाचून दाखवलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी आलेखाच्या कागदाची एक पट्टी कापली, दोन चौकटी रुंद, आणि त्या टिकल्यांमध्ये सरकवली.  प्रयोगशाळेत काचपट्टी सरकवते, तशीच.

शनिवारी जोतीरामने कटौटचं झाकण काढलं. माझ्याकडे पाठ करून तो जरा जास्तच वेळ वाकलेला राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"कचरा व्हता. काडला." त्याने झाकण बसवलं. "बॅटरी उतारलीय. दोन तास लागतील. आन् फुडच्या शनवारी परत आनून दावा... खात्री करून घेतल्याली बरी."

पुढच्या शनिवारीही कचरा होता. त्याच्या पुढच्याही.

"बाई," तेव्हा तो म्हणाला, "ह्यो कचरा लय शिस्तीत कापल्याला असतो."

"वाऱ्यानं येत असेल."

"येत असंल. पन वारा शाळंतलाच असनार."

मी पुस्तकात डोकं घातलं. पुस्तक उलटं धरलं होतं, हे त्यानेच सांगितलं.

निघताना त्याने गाडीचं दार धरून ठेवलं. भाऊसो आत कुणाशी तरी बोलत होते. जोतीरामने हात चिंध्यांना पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले, आणि खाली बघत म्हणाला, "कागदाबिगर आलासा तरी चालंल."

मला सगळं समजलं. उत्तरही माझ्यापाशी होतं. मी म्हणाले, "उशीर झाला. बाबा वाट बघत असतील."

त्या आठवड्यात मी पुन्हा पट्टी कापली. काही कारण नसताना, नुसती त्याला भेटायला म्हणून, भर पोवई नाक्यावर गाडी थांबवून उतरणं मला जमणार नव्हतं. त्याने दार उघडून दिलं होतं, आणि मी मात्र कागद घेऊनच जायचं ठरवलं.

बुधवारी संध्याकाळी बाबा मेढ्याहून दिवे लावून परत आले. गुरुवारी सकाळी आठला तिकडच्याच एका वस्तीवरून माणूस धावत आला: बाळंतीण अडलीय. बाबांनी स्टार्टर दाबला. गाडीतून चकार आवाज निघाला नाही. त्यांनी हँडल मारलं, घाम येईपर्यंत मारलं. बॅटरीत ठिणगीपुरतीही वीज उरली नव्हती. मी झाकण उघडून कागद काढला असता, तरी आता उपयोग झाला नसता, हे मला कुणापेक्षाही चांगलं ठाऊक होतं. आणि बाबा शेजारी उभे होते, म्हणून मी झाकणाला हातही लावला नाही.

बाबा अकराच्या सर्व्हिस मोटारीने गेले. बाई वाचली, मूलही वाचलं. पण ती बाई महिनाभर अंथरुणावर होती, आणि बाबा म्हणत होते, तीन तास आधी पोचलो असतो तर तिचे एवढे हाल झाले नसते.

शुक्रवारी बाबांनी गाडी ढकलत गॅरेजमध्ये नेली. मी बरोबर होते. भाऊसोंनी स्वतः कटौट उघडलं आणि चिमटीत पट्टी धरून बाहेर काढली. तेलाने ती काळी पडली होती, चौकटी जेमतेम दिसत होत्या.

"ह्ये काय रं, जोतीराम?"

जोतीरामने पट्टीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे होऊन त्याने ती भाऊसोंच्या हातातून घेतली आणि मुठीत चुरगाळली.

"माझ्याकडनं राह्यला, डॉक्टरसाहेब. पॉइंट साफ करायला कागद वडतो आमी. काडायचा इसारलो."

ते खरंही वाटण्यासारखं होतं. मिस्त्री लोक तसं करतात. त्या टिकल्यांच्या, म्हणजे पॉइंटच्या, फटीतून कोरा कागद ओढला की मळ निघून येतो.

बाबा फार हळू बोलले. "त्या गाडीवर माझा कधीच भरवसा नव्हता, जोतीराम. तुझ्यावर होता."

एक वाक्य बोलायचं होतं मला. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी तयार होतं. समोर बाबा होते, भाऊसो होते, चहाच्या टपरीवरचे चार लोक मान वळवून बघत होते. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"उद्यापास्नं येऊ नगंस," भाऊसो म्हणाले. "डॉक्टरची गाडी हाय ती. लोकांच्या जिवाशी गाठ हाय."

"व्हय," जोतीराम म्हणाला. आत जाऊन त्याने आपला पाना आणि ते पुस्तक घेतलं, आणि तो माझ्या अंगावरून गेला.

मी सोमवारी गॅरेजवर गेले. सोमवार म्हणजे काही फार उशीर नाही, असं मला वाटलं होतं. तो रविवारच्याच मोटारीने गावाकडे गेला होता.

तीन आठवड्यांनी मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. दुसऱ्या दिवशी स्वतः भाऊसोंकडे जाऊन त्यांनी जोतीरामवरचा ठपका दूर केला. "आता कुटं हुडकू त्याला?" एवढंच भाऊसो म्हणाले.

एकोणपन्नास साली मला सांगलीच्या शाळेत नोकरी लागली. बाबांची नजर अधू झाली होती, तेव्हा गाडी माझ्याबरोबर आली. मिरज रस्त्याला जोतीराम मिस्त्रीचं दुकान आहे, हे मला शाळेच्या शिपायाकडून कळलं. कळल्यावरही तीन शनिवार गेले.

चौथ्या शनिवारी मी आलेखाच्या कागदाची पट्टी कापली, दोन चौकटी रुंद. या खेपेला तिच्यावर पेन्सिलने बारीक अक्षरांत लिहिलं: त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. आणि ती जागेवर सरकवली.

तो गाडीखालून बाहेर आला. मला पाहून क्षणभर उकिडवाच राहिला. मग उठला.

"बाई."

"गाडी चार्ज होत नाही," मी म्हणाले.

"दिवे लावा बगू."

मी लावले. तेवढ्यात आतून एक मुलगी बाहेर आली, माझ्याहून लहान, कडेवर वर्षाचं मूल, हातात चहाची कपबशी.

"ही सुला," जोतीराम म्हणाला. "आमच्या घरातनं."

"साताऱ्याच्या शाळंच्या बाई का?" सुलाने मला बाकावर बसवलं. "ह्यास्नी विंग्रजी वाचाय तुमीच शिकिवलंसा म्हनं. आता जेवान झालं की ते मोटारीचं पुस्तक मला वाचून दावत्यात. मी झोपून जाते बगा."

मी हसले. चहा फार गोड होता. सांगलीकडे तसाच करतात.

जोतीरामने झाकण काढलं. पाठ माझ्याकडे होती. त्याने पट्टी उचलली, उजेडात धरली. त्याला आता लांबलचक वाक्यही वाचता येत होतं, आणि हे तर लहानसंच होतं. तरी त्याला खूप वेळ लागला.

"कचरा आहे का?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "कचरा न्हवता त्यो कवाच."

मग त्याने ती पट्टी पुन्हा टिकल्यांच्या फटीत घातली आणि सावकाश ओढली. परत घातली, परत ओढली. दोन्ही टिकल्या लख्ख होईपर्यंत. माझी अक्षरं मळाने काळी होत गेली आणि मग वाचता येईनाशी झाली. साताऱ्यात त्याने माझ्यासाठी खोटंच सांगितलं होतं, ते इथे त्याने खरोखर केलं. कागद काढायला तो विसरला नाही. नीट घडी करून त्याने तो खिशात ठेवला.

हँडल मारलं. इंजिन सुरू झालं.

"आता चोख झालं," तो खिडकीशी येऊन म्हणाला. केस कानाशी थोडे पांढरे झाले होते. "परत आनून दावायला नगं, बाई."

"नको?"

"नगं."

सुलाने बाळाचा हात धरून मला टाटा करायला लावला. मी गाडी वळवली. काटा उजवीकडे होता, अगदी स्थिर. गावात शिरेपर्यंत मी त्याच्याकडेच बघत होते.