चित्र वाळेपर्यंत

जिन्याच्या वळणावर ती धाडकन त्याच्यावर आदळली, आणि त्याच्या हातातल्या ओल्या चित्रातल्या आजोबांचं नाक तिच्या बाहीवर आलं.

"अहो, बघून चाला की!" ती करवादली.

"मी बघतोच आहे... नाक मात्र तुम्ही घेऊन चाललात."

ड्यूटीवर निघालेल्या नर्सबाईंना खरं तर रागवायचं होतं, पण हसूच फुटलं. केवढा जाड थापला होता रंग! भरपाई म्हणून चित्रकाराने तिचा चेहरा मागितला — चित्रापुरता. तेव्हापासून दर रविवारी ती वरच्या मजल्यावर, त्याच्या खोलीतल्या स्टुलावर बसू लागली. तो सुरीने रंग थापायचा, मान तिरकी करून बघायचा, आणि तिचे कान उगाच गरम व्हायचे. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंसुद्धा नाही.

चित्र पुरं झालं त्या रविवारी तिने खडा टाकून पाहिला. "आमच्या डॉक्टरांनी लग्नाचं विचारलंय. हे चित्र वाळलं की घेऊन जाईन, आणि मग त्यांना उत्तर देईन."

त्याने सुरी पुसली. "जाड रंग आहे... वेळ लागेल."

वेळ लागतच गेला. दर रविवारी ती चित्रातल्या गालाला बोट लावायची. ओला! "कधी वाळणार रे?" "बघू..." एवढंच. तीन महिने ती त्याच्या एका शब्दाची वाट बघत राहिली. मग मनाशी म्हणाली, याला रंगापलीकडे काही दिसतच नाही. डॉक्टर भले आहेत, त्यांना किती ताटकळत ठेवायचं? शनिवारी तिने होकार देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी ते सांगायला ती जरा लवकरच गेली. दार उघडं होतं. तो वाळलेल्या गालावर ताजा रंग थापत होता.

"हे... दर आठवड्याला?"

तो ओशाळला. "वाळलं की तू जाणार होतीस."

"अरे वेड्या, तोंडाने 'थांब' म्हणाला असतास तर! काल होकार दिला मी."

ती निघाली, पण दारात थांबली. अजूनही तो एक शब्द बोलला असता, तर डॉक्टरांना दिलेला शब्द तिने मोडला असता. त्याने मान खाली घातली.

"वाळलं की... पाठवतो."

तिने परत येऊन चित्रातल्या गालात अंगठा खोल दाबला आणि निघून गेली.

लग्नानंतर पाच महिन्यांनी चित्र आलं. "नाक जरा मोठं काढलंय," डॉक्टर हसत म्हणाले आणि खिळा-हातोडी शोधायला आत गेले. गालावरचा खळगा चित्रकाराने बुजवला नव्हता. तिने त्यात अंगठा ठेवला. अगदी बरोबर बसला. रंग दगडासारखा कडक झाला होता, आणि तिला रडू आवरेना.