रिकामी खाच

खर्रर्र... खर्रर्र... खर्र. दोन लांब, एक आखूड.

सटवाजीचा बाप कंदुरीच्या, म्हणजे पिराला बकरं द्यायच्या दिवशी दर्ग्यापाशी चिंचेखाली बसून सळईवर सुरी घासायचा, तेव्हा असा आवाज यायचा. तो ऐकून पोरं ताटल्या घेऊन पळायची. बापाला जाऊन जमाना झाला, पण सटवाजीच्या कानातून तो आवाज काही गेला नाही.

सुरी, दोन दातांचा काटा आणि सळई. तिन्हींना सांबरशिंगाच्या मुठी, सळईच्या मुठीवर बापाची फुली. आजा हैदराबादेला एका नवाबाच्या मुदपाकखान्यात होता, तिथून तो संच घरात आला. तेव्हापासून या घरच्या कंदुरीला बकऱ्याची मागची मांडी अख्खी भाजायची आणि कर्त्या माणसानं ती काट्यानं दाबून सुरीनं कापायची. पहिले तुकडे मेलेल्यांचे. त्यांची पानं दक्षिणेला वेगळी मांडायची. मग जिवंतांचे.

बहात्तरच्या दुष्काळात धाकटा भाऊ व्यंकट पट्ट्यापट्ट्यांची बंडी घालून तो संच फडक्यात गुंडाळून नांदेडला विकायला निघाला. "जवारी घिऊनच येतो दादा," म्हणाला. ना ज्वारी आली, ना तो. तेव्हापासून दर सणाला सटवाजी त्याचं पान आपल्या शेजारी मांडायला लावी. जिवंतांच्या ओळीत.

आता लातूर वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, पावसाची खोड काही बदलली नाही. विहिरी पुन्हा तळाला गेल्या. त्यात नातवाच्या नवसाची कंदुरी बोललेली, ती झाल्याशिवाय त्याचं जावळ काढता येईना. उन्हानं पोराच्या डोक्यात फोड उठले होते आणि ते रात्रंदिवस किरकिर करत होतं. सुरीसाठी कंदुरी अडली म्हणून सटवाजीच्या बायकोनं, धोंडाबाईनं, घर डोक्यावर घेतलं आणि एक दिवस नवऱ्याला ओढतच नांदेडच्या एसटीत बसवलं.

जुन्या बाजारात शरणप्पाचं दुकान होतं. पितळी भांडी, कंदील, कुलपं, आणि एका खोक्यात सुऱ्या, सळया. त्या तो बोटाच्या टोकानं पुढं सारायचा.

"मटणाच्या सुऱ्या आमच्यात शिवत न्हाईत. विकायला चालतंय."

सटवाजी एकेक सुरी उचले, तिच्या सळईवर घासे, कान जवळ नेई, आणि मान हलवून खाली ठेवी.

"आजोबा," शरणप्पा वैतागला, "सुरी घ्यायलात का पेटी-तबला?"

"त्येंला काय इचारताव!" धोंडाबाई म्हणाली. "मला बघाया आले तवाबी असंच. माझ्या बापानं तीनदा च्या पाजला, तरी हूं न्हाई का चूं न्हाई."

"हिचा आवाज पत्र्यावानी हाय," सटवाजी हळूच म्हणाला.

"आवाज खायचाय का? पोराच्या डोस्क्यात किडे पडूस्तोवर ऐकत बसा!"

शेवटी शरणप्पानं वरच्या फळीवरून एक धुळकट पेटी काढून आदळली. आत विटक्या मखमलीत तीन खाचा. सुरी होती, काटा होता. मुठी हाडाच्या, पिवळट. तिसरी खाच रिकामी.

"सळई?"

"आली तशीच आली बघा."

"तीन खाचा अन् दोन जिनसा!" धोंडाबाईनं कपाळावर हात मारला.

सटवाजीनं रिकाम्या खाचेतून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग म्हणाला, "हीच घिऊ."

परतीच्या एसटीत धोंडाबाईचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "बारा वर्सं झाली. बारा वर्सांनी समदेच आस सोडत्यात. नवी सुरी घेतलाव, आता भावजीचं पान तिकडं दक्षिणेला मांडा..."

सटवाजीनं पेटी मांडीवर ओढून घेतली. "त्येचं पान माझ्या शेजारीच."

कंदुरीच्या दिवशी ओढ्याकाठच्या दर्ग्यापाशी मुलाण्यानं बकरं हलाल केलं. दिवस कलता बाभळीच्या निखाऱ्यावर मांडी भाजून झाली. पंगत बसली. सटवाजीनं डाव्या हाताला व्यंकटचं पान मांडलं, काटा रोवला आणि सुरी लावली.

सुरी घसरली.

पुन्हा लावली. दगडावरून घसरावी तशी घसरली. सकाळीच त्याच सुरीनं बकऱ्याचं दावं कापलं होतं.

"आजोबा, बकरं भाजलंय का टायर?" पंगतीतून कुणी तरी ओरडलं. हसू उठलं. मुलाण्यानं आपली सुरी लावून पाहिली, तीही घसरली. हसू थांबलं. आईच्या मांडीवर पोर रडत होतं, न्हावी वस्तरा घेऊन ताटकळला होता.

"ज्येचा वाटा त्येच्या जाग्यावर घाला की वो..." धोंडाबाई दातओठ खात म्हणाली. "किती छळताव!"

तेवढ्यात दक्षिणेकडून आवाज आला.

खर्रर्र... खर्रर्र... खर्र.

पंगत गप्प झाली, की सटवाजीलाच बाकी काही ऐकू येईना, कुणास ठाऊक. त्यानं मान वळवली. मेलेल्यांच्या पानांच्या टोकाला कुणी तरी पाठमोरं बसलं होतं. तरणी पाठ. अंगात पट्ट्यापट्ट्यांची बंडी, घामानं खांद्यावर विटलेली. कोपर हलत होतं. त्या बाजूनं रिकाम्या पोत्याचा, जुन्या ज्वारीच्या भुशाचा वास आला.

"व्यंकट...?"

कोपर थांबलं. पाठ वळली नाही.

"उपाशी हायेस व्हय रं... इतकी वर्सं?"

सटवाजीनं शेजारचं व्यंकटचं पान उचललं आणि चालत नेऊन त्या ओळीच्या टोकाला ठेवलं. पानाकडंच बघितलं, तोंडाकडं बघायचा धीर झाला नाही. परत येऊन त्यानं सुरी लावली. ती लोण्यात शिरावी तशी आपोआप शिरली.

पहिला तुकडा ओंजळीत घेऊन तो तिकडं गेला. "खा बाबा..." म्हणून पानावर ठेवला आणि डोळे पुसले. डोळे पुसून बघतो तर तिथं पाठ नव्हती. कोरड्या ओढ्यापर्यंत सगळं मोकळं.

पानाशेजारी एक सळई पडली होती. सांबरशिंगाची मूठ, तिच्यावर बापानं तापल्या खिळ्यानं काढलेली फुली. सटवाजीनं ती उचलली. आताच घासून ठेवल्यासारखी गरम होती.

धोंडाबाई मागं येऊन उभी होती. तिनं सळई त्याच्या हातातून घेतली, काखेतली पेटी उघडली आणि रिकाम्या खाचेत ठेवली. ती बरोबर बसली, जणू तिच्याच मापानं खाच कोरली होती.

आता ही काही तरी बोलेल म्हणून सटवाजी तिच्या तोंडाकडं बघत राहिला. धोंडाबाईनं पेटी मिटली, डोक्यावरून पदर घेतला आणि रडणाऱ्या पोराकडं चालू लागली.