लाल गाडीवाली

"मखुलू, या गाडीतून उतरताना तुम्हाला कुणाचा हात लागतो का हो?"

प्रश्न माझा नव्हता! दिनेओ आणि पालेसानं, माझ्या शाळेतल्या मैत्रिणींनी, पैज लावली होती, आणि मागून चिमटे काढून मला पुढं ढकललं होतं. पण विचारला मीच, तोही चांगला खणखणीत. जानेवारीत मी शहरातल्या मोठ्या शाळेत गेले, मार्चमध्ये वक्तृत्वात पहिली आले, आणि तेव्हापासून नोक्वांदा म्खिझे कुणाला घाबरत नाही असं सगळीकडं झालं होतं. माझ्याही मनात.

रविवारची दुपार होती, आमच्या पिमव्हिल वस्तीतली चर्च नुकतीच सुटलेली. कार वॉशवर साबणाचा फेस पार रस्त्यापर्यंत वाहत होता आणि शेजारच्या जाळीवरच्या मांसाचा धूर डोळ्यांत जात होता. मधोमध उभी होती एक गुशेशे – काळी, चौकोनी, जुनी बीएमडब्ल्यू. हिला आमच्याकडं दुसऱ्या नावानं कुणी ओळखतच नाही. तरण्याताठ्यांची गाडी. टायर जाळत गोल गोल फिरवायची गाडी. आणि तिला फडक्यानं गोंजारत होते सत्तरीच्या पुढचे एक आजोबा... करड्या मिश्या, डोक्यावर तिरकी टोपी.

त्यांनी फडकं शांतपणे पिळलं.

"उतरायला नाही लागत, पोरी. उतरतो मी. पण शेजारची सीट चार वर्षं रिकामी आहे बघ... तिथं कुणी बसत असेल तर मात्र मी दार उघडायला हात देईन."

दिनेओ किंचाळलीच. पालेसा म्हणाली, "अगं, हा म्हातारा तर तुझ्यापेक्षा भारी बोलतो!"

आणि तेवढ्यात ती आली.

लाल गाडी. दोनच सीटची, छत मागं उघडलेलं, आवाज असा की जाळीवरचं मांससुद्धा दचकावं. आत एक जाडजूड बाई, डोक्याला पिवळा रुमाल, डोळ्यांवर मोठ्ठा काळा चष्मा. फेसातून सर्रकन वळण घेऊन ती बरोब्बर गुशेशेच्या शेजारी थांबली.

"बघ, बघ! नवरी पण आली!" पालेसा हसून हसून वाकली. "या वयात... शी! नोक्वांदा, तुमच्याच भागातली दिसते. ओळखतेस का गं?"

माझी गोगो. बाबांची आई. हिनंच मला वाढवलं. पस्तीस वर्षं सुईण होती, अर्ध्या पिमव्हिलला हिनंच जगात आणलंय. मखुलू, म्हणजे माझे आजोबा, गेल्यावर वर्षभर काळे कपडे घालून मान खाली घालून बसली होती... आणि वर्ष संपलं, ते कपडे अंगणात जाळले, त्याच आठवड्यात ही लाल गाडी घेऊन दारात उभी राहिली.

"नाही," मी म्हणाले. "मी नाही ओळखत."

गाडीचं इंजिन नेमकं त्याच क्षणी बंद झालं होतं. माझा आवाज... सांगितलं ना, खणखणीत.

गोगोनं चष्मा काढला. माझ्याकडं बघितलं. आजोबांनीही बघितलं, आधी माझ्याकडं, मग तिच्याकडं. म्हणाले, "तुमच्या ओळखीच्या का या मुली, बाईसाहेब?"

"नाही," गोगो म्हणाली. "पण छान आहेत हं मुली." आणि तिनं चष्मा पुन्हा चढवला.

त्या संध्याकाळी घरी गोगोनं माझ्या ताटात नेहमीसारखाच कोंबडीचा मोठा तुकडा वाढला. मी वाट बघत होते... ती ओरडेल, रुसेल, बाबांना सांगेल. काही नाही! मीठ हवंय का, एवढंच विचारलं. वक्तृत्वात पहिली आलेल्या मुलीला "चुकलं" हा एक शब्द सापडेना.

पुढच्या रविवारी तिनं किल्ली वाजवून विचारलं, "येतेस?"

मी गेले. सीटवर जितकं खाली घसरता येईल तितकी घसरून.

आजोबा तिथंच होते. मला बघून त्यांचं तोंड उघडलं, आणि गोगो म्हणाली, "ही माझी नात. नोक्वांदा." एवढंच. आजोबांनी टोपीला हात लावून मलासुद्धा मोठ्या माणसासारखा नमस्कार केला. "मी सेचाबा मोरोका." मला वाटलं, साबणाच्या पाण्याबरोबर आपणही गटारात वाहून जावं.

मग मी बादलीवर बसून राहिले आणि ती दोघं आपापल्या गाड्या पुसत राहिली. पुसून झालेल्या गाड्या पुन्हा पुसत राहिली!

"सिस्टर, तुमचा उजवा आरसा बाहेर वळलाय. मागचं काही दिसत नसेल."

"मागचं बघायचं सोडलंय मी, ड्रायव्हरसाहेब."

"मग निदान शेजारचं तरी..." त्यांनी आरशावर हळूच फुंकर घातली, बाहीनं पुसला आणि आत वळवला. इतका आत, की त्यात रस्ता नव्हे, तेच दिसत असणार. गोगोनं तो परत नीट केला नाही. मी बघितलं ना! घरी येईपर्यंत नाही केला.

हे असं दर रविवारी. मोरोका आजोबांनी चौतीस वर्षं बस चालवली होती.

"मागं पासष्ट माणसं, आणि वेग ताशी साठ," ते म्हणायचे. "रोज एखादा पोरगा गुशेशेतून मला ओलांडून जायचा, वर हात पण हलवायचा. तेव्हाच ठरवलं, एकदा निवृत्त होऊ दे... मग दाखवतो."

"आणि मी पस्तीस वर्षं दुसऱ्या बायकांना सांगत होते, लाव जोर, लाव जोर," गोगो म्हणाली. "आता म्हटलं, आपणच लावू. पायानं."

ते इतके हसले की फडकं खाली पडलं. उचलायला दोघंही वाकली... आणि दोघांच्याही पाठी एकदमच कुरकुरल्या. बोटाला बोट लागलं. दोघंही तशीच वाकून राहिली, पाठीमुळं असेल... किंवा नसेल.

जूनमधल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका रविवारी आजोबांनी आम्हाला मोकळ्या मैदानावर नेलं. कोरडी थंडी, पिवळं गवत. मी कडेला उभी. गोगो गुशेशेत शेजारच्या सीटवर. दार त्यांनी उघडलं होतं, हात देऊन. मग गाडी फिरली! एक फेरी, दोन, पाच... पांढरा धूर, धूळ, टायरांची किंकाळी, आणि त्या सगळ्यातून गोगोचं हसू. मखुलू गेल्यापासून असं हसू मी ऐकलं नव्हतं. आधीसुद्धा कधी ऐकलं होतं का, आठवेना.

गाडी थांबली. आजोबा उतरले, वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले आणि म्हणाले, "सरका सिस्टर. आता तुम्ही."

गुशेशेचं स्टिअरिंग माणूस सख्ख्या भावाच्या हातात देत नाही. गोगोलाही ते माहीत होतं. तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"अहो... ठोकली तर?"

"ठोकली तर ठोकली. गाडी दुसरी मिळेल."

आणि ते शेजारच्या सीटवर बसले. गोगोनं चष्मा काढून डोळे पुसले, आणि म्हणाली धूळ फार आहे. मलाही धूळच गेली होती.

बाबांना कळलं ते चर्चमधल्या लोकांकडून. बाबा तिथले कारभारी, रविवारी पहिल्या रांगेत बसणारे.

"आई, गुरुवारी बाकीच्या बायका चर्चचा लाल ब्लाऊज घालून प्रार्थनेला पायी जातात. तू छत उघडून जातेस! मी गप्प बसलो. आता मैदानात... परक्या माणसाच्या शेजारी... गोल गोल? मी तोंड कुठं दाखवू?"

"मला दाखव," गोगो म्हणाली. "मीच पहिल्यांदा बघितलं होतं ते."

आईला हसू आलं, तिनं ते चहाच्या कपात लपवलं. बाबांना नाही आलं. आणि दोन आठवड्यांनी मोरोकांकडून रीतसर पत्र आलं – शनिवारी पहाटे आमची माणसं मागणी घालायला येतील.

बाबांनी पत्राची घडी घातली. "येऊ देत. गेट उघडणार नाही."

आमच्यात हे सगळ्यांना कळतं. मागणीला आलेली माणसं बेल वाजवत नाहीत. बाहेर उभी राहून त्या घरच्या कुळाची नावं पुकारतात, आणि घरच्यांनी गेट उघडायचं. थोडा वेळ सगळेच ताटकळत ठेवतात, तेवढी गंमत असते. पण तिसऱ्या पुकारालाही गेट बंद राहिलं, तर ती माणसं माघारी जातात. ती पुन्हा येत नाहीत.

"गोगो, मग तू सरळ गाडी काढ आणि जा ना त्यांच्याकडं!" मी म्हणाले.

"पळून जायला मी काही चोरी केली नाही," ती म्हणाली. "माझे भाऊ गेले. हेच माझं घर. इथल्या कुणीतरी गेट उघडून म्हणावं, हो, ही आमची आहे. तेवढंच हवंय मला. नाहीतर नको."

ही आमची आहे. मी खाली बघितलं. त्या दिवसापासूनचं ते "चुकलं" मी अजून म्हटलंच नव्हतं.

आणि नेमकं त्याच शुक्रवारी दिनेओ आणि पालेसा गणिताच्या अभ्यासाला आमच्याकडं मुक्कामाला आल्या! आधीच ठरलेलं होतं, मला नाही म्हणता आलं नाही. त्यांना घेऊन मी कोपऱ्यावरून वळले... आणि बघते तर अंगण रिकामं. लाल गाडी नाहीच.

आईनं हळूच सांगितलं, "गोगोनं सकाळीच नेऊन मागच्या गल्लीत लावली. म्हणाली, पोरीच्या मैत्रिणी येणार आहेत."

मी तिला सांगितलं नव्हतं. शपथेवर सांगते, नव्हतं सांगितलं. तिनं आपणहून केलं. जेवणाच्या वेळीही ती मागच्या खोलीतून बाहेर आली नाही. मी ताट घेऊन गेले, तर म्हणाली, "जा, त्या एकट्या बसल्यात." असं ओशाळं वाटलं, असं वाटलं की... मी ताट खाली ठेवलं आणि पळाले.

शनिवार. उजाडत होतं, गवतावर दव गोठलेलं. बाहेर तीन म्हातारे कोट घालून उभे होते, आणि कोपऱ्यावर, दुरून, काळी गुशेशे. आत कोण बसलंय ते मला न बघताही कळत होतं.

"खाबाझेला!" आमच्या कुळाच्या नावानं पहिली हाक आली. "मावोवो! आम्ही दाराशी उभे आहोत!"

बाबा टेबलाशी चहा ढवळत होते. गेटची किल्ली कपाशेजारी. चहा कधीच निवला होता.

दिनेओ डोळे चोळत आली. "कुणाचं लग्न गं? तुझं तर नाही ना?" पालेसा खिडकीला नाक लावून उभी. शेजारीपाजारी भिंतींवरून बघायला लागले.

"खाबाझेला! मावोवो!" दुसरी. यावेळी त्यातल्या एकाला खोकला आला.

आई म्हणाली, "अहो..."

बाबा म्हणाले, "नाही."

मागच्या खोलीचं दार किलकिलं होतं. फटीतून दिसत होती फक्त गोगोची बोटं, पिवळ्या रुमालाची गाठ बांधणारी, सोडणारी, पुन्हा बांधणारी.

मी किल्ली उचलली.

"नोक्वांदा, ठेव ती," बाबा म्हणाले. "पोरींनी गेट उघडायचं नसतं."

"माहीत आहे, बाबा." माझा आवाज फाटला. खणखणीत वगैरे काही नाही, नुसता फाटका. दिनेओ आणि पालेसा माझ्याकडं बघत होत्या, आणि मी त्यांच्याकडं बघूनच बोलले, म्हणजे एकदाच बोलून होईल. "कार वॉशवर ती लाल गाडीवाली आली होती ना... मी म्हणाले, मी तिला ओळखत नाही. खोटं बोलले. ती माझी गोगो आहे. मी खोटं बोलले आणि तिनं ते झाकलं. आजपर्यंत झाकतेय."

पालेसानं तोंडावर हात ठेवला. दाराच्या फटीतली बोटं थांबली.

"खाबाझेला..." बाहेर तिसरी हाक सुरू झाली.

"आई, बाबा, मी गेट उघडायला चाललेय. तुम्ही यायचं तर या, रागवायचं तर मग रागवा. त्या तिघांना मी मोठ्यांदा सांगणार आहे, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं – तुम्ही जिला मागायला आलात ना, ती लाल गाडीवाली, ती आमची आहे. माझी आहे."