हारगेडनांचं बिननावाचं लेकरू

सकाळची प्रार्थना आटोपली की अटराक्टा गिल्मार्टिन आयर्लंडमधल्या स्लायगोच्या आपल्या गावातल्या चर्चच्या मागच्या खोलीत फुलदाण्या घासत बसायची. फादरांचे झगे धुणं, मेणबत्त्या बदलणं आणि उन्हाळ्यात बापजाद्यांचा माग काढत परदेशातून येणाऱ्यांना जुन्या नोंदवह्या दाखवणं, ही तिन्ही कामं तिच्याकडे. तिसऱ्याला ती ‘रडारड खातं’ म्हणायची. गेल्या वर्षी बॉस्टनचा एक गृहस्थ तिच्या कोंबड्यांच्या खुराड्याला आजोबांचं घर समजून मिठी मारून रडला होता. तिने त्याला रडू दिलं. कोंबड्यांनी मात्र दोन दिवस अंडी दिली नाहीत.

त्या जुलैतल्या मंगळवारी आलेली बाई रडणाऱ्यांतली नव्हती. हीदर हारगेडन, ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटची, पंचेचाळिशीची. खुर्ची दिली तरी बसेना, हातातला फोन सारखा उलटासुलटा करत होती.

“बाबा आज-उद्याचे सोबती आहेत,” ती म्हणाली. “आमच्या घरात चार पिढ्यांत कुणाचा बाप्तिस्मा झालेला नाही. का, ते कुणी सांगत नाही. आता जाता जाता बाबांना तो हवाय, आणि तोही आपल्याच माणसांच्या पंथाचा. कॅथलिक फादर बोलवायचे की प्रोटेस्टंट पाळक? भाऊ त्यांच्या उशाशी माझ्या फोनची वाट बघत बसलाय.”

“हारगेडन?” अटराक्टाच्या हातातली फुलदाणी तशीच राहिली. “चहा घेतेस, पोरी?”

“वेळ नाही हो, खरंच नाही.”

नोंदवही उघडली. मायकल आणि ऑनर हारगेडन, लग्न. मग दोन मुलांचे बाप्तिस्मे. मग १८४७ सालच्या पानावर नुसतं ‘हारगेडन’, आणि पुढे नावाच्या जागी आडवी रेघ.

“ही रेघ कसली?”

अटराक्टाला ठाऊक होतं. गावात कुणाला ठाऊक नव्हतं? “बटाटे कुजले त्या दुष्काळात तुझ्या पूर्वजांनी सूप घेतलं,” ती म्हणाली. “प्रोटेस्टंट पाळकाच्या कढईतलं. सूप हवं तर पंथ सोडा, असा सौदा. पोरं उपाशी, म्हणून सोडला बिचाऱ्यांनी. इकडच्या फादरांनी त्यांना दारातनं हाकललं. त्याच हिवाळ्यात हे बाळ झालं. इकडचे बाप्तिस्मा देईनात, तिकडचा पाळक तापाने मेलेला. नाव न ठेवताच तीन दिवस जगलं ते. वसंतात तुझी माणसं बोटीत बसली.”

“मग आम्ही कोण? बाबांना काय सांगू?”

“गाव तुम्हाला सूपवालेच म्हणतं अजून.”

हीदरने त्या रेघेवर बोट ठेवलं. “हे बाळ... कुठे पुरलंय?”

“बाप्तिस्मा नसलेल्याला तेव्हा दफनभूमीत जागा मिळत नसे. त्यांच्याच रानाच्या कोपऱ्यात आहे, मागच्या टेकडीवर.”

“दाखवता? दहा मिनिटं. मग फोन करते.”

अटराक्टाला नाही म्हणायचं होतं. अडुसष्ट वर्षांत तिने त्या रानात पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्यामागे तिचं स्वतःचं कारण होतं. पण त्या कारणाची लाज वाटूनच की काय, ती कोट चढवून निघाली.

स्वच्छ ऊन होतं, अकरा वाजले होते. चारही बाजूंना दगडी बांध आणि त्यात एकच लोखंडी फाटक. पलीकडच्या कुरणात गाई चरत होत्या. कोपऱ्यात पांढऱ्या गारगोट्यांचं लहानसं कडं गवतात बुडालेलं होतं. हीदरने फोटो काढला, मिनिटभर उभी राहिली, आणि दोघी वळल्या.

फाटक नव्हतं.

“पलीकडच्या बाजूला असेल,” हीदर म्हणाली. दोघी बांधाला हात लावत चालल्या. एक बाजू, दुसरी, तिसरी, चौथी. सगळीकडे शेवाळलेला सलग दगड. पुन्हा फिरल्या. पलीकडून टपालाची गाडी गेली, तिचा आवाज अगदी हाताच्या अंतरावर होता. हीदर चिडून बांधावर चढली, दुसऱ्या बाजूला उतरली, आणि अटराक्टाच्याच पाठीमागे येऊन उभी राहिली.

“हे... हे काय आहे?”

“चकवा,” अटराक्टा पुटपुटली. “बिननावाच्या लेकराच्या मातीवर पाय पडला की लागतो. कोट काढ. उलटा करून घाल, त्याने सुटतो म्हणतात.”

दोघींनी कोट उलटे घातले. फाटक दिसलं नाही. एरवी अटराक्टा स्वतःच्या त्या ध्यानाला हसली असती. पण गाईंचा आवाज थांबला होता, आणि गवतातून एक वास वर येत होता. आंबट, कुजका, ओल्या मातीत सडलेल्या बटाट्यांचा. त्या रानात शंभर वर्षांत कुणी बटाटा लावला नव्हता.

“भाऊ वाट बघतोय... बाबा वाट बघताहेत,” हीदर म्हणत होती. तिच्या फोनवर काहीच लागत नव्हतं. “काहीतरी करा ना हो!”

मग अटराक्टाच्या तोंडून ते बाहेर पडलंच. “पोरी, माझ्या आजीची आजी या बाळाची सुईण होती. फादर नसले तर कुणीही पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतं. सुईणींना तर ते पाठच असतं. तिच्या हातात पाणी होतं... बाळाची आई, ऑनर, हात जोडत होती. आणि तिने ते पाणी अंगणात फेकलं. सूपवाल्यांच्या पोराला कशाला, म्हणाली. आमच्या घरात हे मोठ्या अभिमानाने सांगायचे, बाई. मी शरमेने कधी इकडे फिरकले नाही.”

हीदरने पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे केली. “आता ओता.”

“कुठल्या पंथाचं?”

“तुम्हाला येतं ते!”

“तसे शब्द दोन्हीकडे तेच आहेत,” असं म्हणत अटराक्टा गारगोट्यांपाशी गुडघ्यांवर बसली. वास आता डोळ्यांत झोंबत होता. गवत हलत होतं, आणि वारा नव्हता. “नाव सांग. लवकर. काय ठेवायचं?”

“मला... मर्विन. मर्विन!”

अटराक्टाने पाणी ओतलं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. मातीने ते एका घोटात पिऊन टाकलं. गाई हंबरल्या. फाटक दहा पावलांवर होतं, जिथे होतं तिथेच.

दोघी उतार धावतच उतरल्या. अटराक्टाला इतकं हलकं वाटत होतं की तिला हसू येत होतं. “मर्विन!” ती धापा टाकत म्हणाली. “या नावाचा एक संत दाखव मला. कुठून सुचलं तुला?”

“तोंडात तेच आलं,” हीदर म्हणाली. “बाबांचं नाव.”

अटराक्टा थबकली. जिवंत माणसाचं नाव बिननावाच्याला द्यायचं नसतं, दिलं की ते जिवंताकडून जातं, हे तिला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. आणि नाव कुणाचं हे विचारायचं ती विसरली होती. पण हीदरने फोन लावलाही होता, आणि भावाचा आवाज स्पीकरवर ऐकू येत होता.

“ग्लेन, कुणालाही बोलव. शब्द दोन्हीकडे तेच आहेत.”

“मी थांबलोच नाही गं ताई, वॉर्डातले फादर इथेच उभे आहेत, पाणी घेऊन. पण बाबा... पाच-दहा मिनिटांपासून मर्विन म्हटलं की मान हलवताहेत. नाही, नाही, अशी. फादर विचारताहेत, नाव काय घेऊ? आणि आता काहीतरी बरळताहेत. थांब, फोन त्यांच्या तोंडाशी धरतो.”

आवाज म्हाताऱ्याचा होता, घोगरा, दमलेला. बोलणं मात्र आयरिशमधलं होतं. स्लायगोच्या या टेकडीवरचं, अटराक्टाच्या आजीबरोबर संपलेलं. बॅलरॅटच्या माणसाला ते ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तिला शब्दन् शब्द कळला.

*ते नाव आता दुसऱ्याचं. माझं कुठंय?*

“काय म्हणताहेत?” हीदरने तिचा दंड धरला. “तुम्हाला कळतंय ना? सांगा ना...”

“ओतायला सांग!” अटराक्टा ओरडली. “नाव राहू दे! कुठलंही घ्या, पण ओता...”

मग ग्लेन म्हणाला, “ताई, गेले गं. फादर नावाचीच वाट बघत थांबले होते.”

हीदर वाटेतच मटकन बसली. बाबा काय म्हणाले, हे तिने पुन्हा विचारलं तेव्हा अटराक्टाने सांगितलं, तुझी आठवण काढली. दुसरं काय सांगणार होती ती?

हीदर परत गेली त्याला आता तीन आठवडे झाले. अटराक्टा चर्चला जाते, फुलदाण्या घासते, पण एका जागी बसवत नाही तिला. रोज पहाटे उजाडताना तिच्या दाराबाहेर कुणीतरी म्हाताऱ्या आवाजात तोच प्रश्न विचारतं. तोंडून उत्तर निघू नये म्हणून ती उशीचा कोपरा तोंडात कोंबून पडून राहते. मेलेल्याचं नाव देऊन भागत नाही, ते ज्याचं त्याच्यापाशीच राहतं. जिवंताचं द्यायची आता तिची छाती नाही.

परवा मात्र ती झोपेच्या गुंगीत होती. प्रश्न आला, आणि “कोण आहे?” असं कुणी विचारल्यासारखी ती आपलंच नाव सांगायला लागली. “अट...” एवढंच निघालं, आणि तिने दातांनी ओठ चावला.

मग उंबऱ्यापलीकडे कुणीतरी ते अर्धं नाव हळूच, आपल्याला लागू पडतंय का बघावं तसं, म्हणून पाहिलं.